ही रेषा मेंदूची कशावरून?

काही वर्षांपूर्वी विज्ञान शिक्षकांच्या एका कार्यशाळेत मेंदूतील विद्युत संकेत प्रत्यक्ष दाखवायचे असे आम्ही ठरवले. साहित्य फारसे नव्हते. तळहातावर मावेल असा एक संवेदक, त्याला जोडलेल्या तीन तारा, तीन इलेक्ट्रोड, एक आर्डुइनो आणि एक लॅपटॉप. एक तरुण शिक्षक आपणहून खुर्चीवर येऊन बसले. आम्ही त्यांच्या डोक्याच्या मागच्या बाजूला एक इलेक्ट्रोड बसवला, दुसरा एका कानामागे आणि तिसरा दुसऱ्या कानामागे. त्यांना डोळे मिटून स्वस्थ बसायला सांगितले आणि नोंद सुरू केली. पडद्यावर एक सुरेख लहर उमटली. मोजून पाहिले तर सेकंदाला जवळजवळ १० लहरी! ‘‘हीच ती प्रसिद्ध अल्फा लय,’’ असे आम्ही जाहीर केले. टाळ्याही पडल्या.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘सर, ही रेषा मेंदूचीच कशावरून?’’

आम्ही त्या शिक्षकांना डोळे उघडायला सांगितले. अल्फा लय असती तर ती आता मावळायला हवी होती. ती जशीच्या तशी राहिली. मग आम्ही डोक्यामागचा इलेक्ट्रोड काढला. लहर नाहीशी तर झाली नाहीच, उलट मोठी झाली! शेवटी कोणीतरी टेबलाखालून गेलेल्या पंख्याच्या एक्स्टेन्शन कॉर्डचा प्लग भिंतीतून उपटला आणि लहर जवळजवळ विरली. ज्या लहरीसाठी टाळ्या पडल्या, ती मेंदूची नव्हती. भिंतीतल्या विजेची होती.

पण आपल्याकडील घरगुती विजेची वारंवारिता तर ५० हर्ट्झ. मग पडद्यावर सेकंदाला १० लहरी का दिसल्या? या प्रश्नाचे उत्तर मिळवायचे तर इलेक्ट्रोडपासून पडद्यापर्यंतचा सगळा रस्ता पाहावा लागेल. आज असे संवेदक शाळांच्याही आवाक्यात आले आहेत. तेव्हा ते जोडायचे कसे आणि त्यांवर विश्वास ठेवायचा केव्हा, हे शिक्षकांना ठाऊक असणे गरजेचे झाले आहे.

कवटीबाहेर काय पोचते?

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. एका पेशीकडून दुसरीकडे संदेश जातो तेव्हा त्या जागी आयनांची हालचाल होते आणि पेशीच्या दोन टोकांमध्ये सूक्ष्म विभवांतर निर्माण होते. एकट्या पेशीचा हा संकेत कवटीबाहेर पोचणे शक्यच नाही. मात्र मेंदूच्या बाह्य थरात लाखो पेशी एकमेकींना समांतर उभ्या असतात. त्यांच्यातले बदल एकाच वेळी झाले तर त्यांची बेरीज होते, आणि ती हाडातून व त्वचेतून कशीबशी बाहेर येते.

शाळेच्या भिंतीबाहेर उभे राहून पाहा. वर्गात प्रत्येक मूल आपापले काही बोलत असेल तर बाहेर नुसता गलका ऐकू येतो. सगळा वर्ग एका सुरात पाढे म्हणू लागला की शब्द न् शब्द कळतो. मुले तेवढीच, आवाज तेवढेच. फरक फक्त एकाच वेळी म्हणण्याचा. डोळे मिटून, जागे पण निवांत बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागात, म्हणजे दृष्टीशी संबंधित भागावर, असाच ‘पाढा’ चालू होतो. त्याची वारंवारिता ८ ते १३ हर्ट्झ. डोळे उघडले की पेशी आपापल्या कामाला लागतात, एकसूर मोडतो आणि लय मावळते.

सामुदायिक असूनही हा संकेत अतिशय क्षीण असतो. अल्फा लय साधारण २० ते ५० मायक्रोव्होल्टची असते. बॅटरीच्या साध्या सेलचे विभवांतर १.५ व्होल्ट, ५० मायक्रोव्होल्ट म्हणजे त्याचा तीस हजारावा भाग. छातीवर मिळणारा हृदयाचा संकेत सुमारे एक मिलिव्होल्टचा, म्हणजे याच्या वीसपट तरी मोठा असतो.

माणसाच्या मेंदूचा असा आलेख प्रथम मिळवला तो जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी, १९२४ मध्ये. त्यापूर्वी १८७५ मध्ये रिचर्ड कॅटन यांनी प्राण्यांच्या उघड्या मेंदूवर विद्युतप्रवाह दाखवले होते. बर्गर यांनी आपला शोध प्रसिद्ध केला मात्र १९२९ मध्ये. मधली पाच वर्षे ते स्वतःच्याच नोंदींवर शंका घेत होते. ही रेषा नाडीच्या ठोक्यांमुळे तर नाही? श्वासामुळे? त्वचेमुळे? एकेक शक्यता तपासून त्यांनी बाजूला सारली. म्हणजे आमच्या कार्यशाळेतल्या बाईंचा प्रश्न या विषयाच्या जन्माइतकाच जुना आहे.

इलेक्ट्रोड : आयन आणि इलेक्ट्रॉन यांची भेट

शरीरात विद्युतभार वाहून नेतात ते सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड इत्यादींचे आयन. तारेत हे काम करतात इलेक्ट्रॉन. आयन तारेत शिरू शकत नाहीत, इलेक्ट्रॉन त्वचेत हिंडू शकत नाहीत. या दोघांमध्ये देवघेव घडवून आणणारी जागा म्हणजे इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग.

यासाठी चांदीवर सिल्व्हर क्लोराइडचा पातळ थर दिलेले इलेक्ट्रोड वापरतात. सिल्व्हर क्लोराइडच्या रेणूला तारेकडून एक इलेक्ट्रॉन मिळाला की त्याची चांदी होते आणि एक क्लोराइड आयन शरीराच्या बाजूला सुटतो. प्रवाह उलट झाला की हीच अभिक्रिया उलट घडते. दोन्ही दिशांना व्यवहार सुरळीत होत असल्याने पृष्ठभागावर विद्युतभार साचून राहत नाही. तांबे किंवा स्टील वापरले तर तो साचतो आणि पडद्यावरची रेषा हळूहळू वर-खाली सरकत राहते.

इथे एक गंमत आहे. धातू आणि क्षाराचे द्रावण एकत्र आले की विद्युतघट तयार होतो, हे आपण वर्गात शिकवतो. चांदी व सिल्व्हर क्लोराइड यांच्या अर्ध्या घटाचे विभव सुमारे ०.२२ व्होल्ट असते. म्हणजे आपण शोधत असलेल्या संकेताच्या चार हजारपटींहून मोठी ‘बॅटरी’ इलेक्ट्रोडमध्येच दडलेली आहे! सुटका कशी? दोन्ही इलेक्ट्रोड एकाच प्रकारचे घेतले तर दोन्हींचे विभव जवळजवळ सारखे येते आणि वजाबाकीत ते निघून जाते. म्हणूनच एक इलेक्ट्रोड चांदीचा आणि दुसरा पितळी क्लिपचा, असा जुगाड कधीही करू नये.

त्वचा, तेल आणि जेल

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत, कोरड्या पेशींचा असतो. तो विजेला बराच रोध करतो. त्यावर आपल्याकडे केसांना खोबरेल तेल चोपडण्याची पद्धत. तेल हा विद्युतरोधक. म्हणून ईईजी काढायला येणाऱ्या रुग्णाला, केस धुऊन आणि तेल न लावता या, असे आवर्जून सांगतात.

केस नीट बाजूला सारून भांग पाडावा. ती जागा ओल्या कापसाने हलकेच पुसावी; त्वचा खरवडू नये. इलेक्ट्रोडच्या वाटीत क्षारयुक्त जेल किंवा पेस्ट भरून तो घट्ट बसवावा आणि कापडी पट्टीने स्थिर करावा. जेल दोन इलेक्ट्रोडच्या मधे पसरू देऊ नये, नाहीतर दोन्ही एकच होऊन बसतात. वैद्यकीय नोंदीत प्रत्येक इलेक्ट्रोडचा त्वचेशी रोध ५ किलोओहमपेक्षा कमी ठेवण्याचा प्रघात आहे. तो मोजण्यासाठी अतिशय सूक्ष्म प्रत्यावर्ती प्रवाहाची खास सोय असते. साधा मल्टिमीटर डोक्याला लावून हा रोध मोजू नये. त्याच्या एकदिश प्रवाहाने इलेक्ट्रोड बिघडतो आणि वाचनही चुकते.

तीन तारा कशासाठी?

विभव एका बिंदूचे मोजता येत नाही. दोन बिंदूंमधला फरकच मोजता येतो. म्हणून एक इलेक्ट्रोड संकेताच्या जागी आणि दुसरा संदर्भ म्हणून, मेंदूचा संकेत कमी पोचेल अशा जागी, बहुधा कानामागच्या हाडावर बसवतात. प्रवर्धक या दोघांमधला फरक तेवढा वाढवतो. तिसरी तार शरीर आणि प्रवर्धक यांना एका समान पातळीवर ठेवते. तिला ग्राउंड म्हणत असले तरी ती जमिनीला किंवा प्लगच्या अर्थिंगला जोडायची नसते, हे पक्के लक्षात ठेवावे.

या वजाबाकीचा मोठा फायदा असा. खोलीतल्या वायरिंगमुळे आपल्या सगळ्या शरीराचे विभव सेकंदाला ५० वेळा वर-खाली होत असते, आणि हा चढउतार मेंदूच्या संकेतापेक्षा हजारो पटींनी मोठा असतो. पण तो दोन्ही इलेक्ट्रोडवर सारखाच असतो. एकाच बाकावर उभ्या असलेल्या दोन मुलांच्या उंचीतला फरक, बाक कितीही हलला तरी बदलत नाही, तसेच हे. अट एकच : दोन्ही इलेक्ट्रोडचा त्वचेशी संपर्क सारखा चांगला हवा. एक घट्ट आणि दुसरा सैल असेल तर वजाबाकी अपुरी राहते आणि ५० हर्ट्झ आत घुसतात. कार्यशाळेत आमचा कानामागचा इलेक्ट्रोड सैल झाला होता, हे नंतर लक्षात आले.

इलेक्ट्रोडची जागा ठरवण्यासाठी १९५८ पासून ‘१०–२०’ ही पद्धत वापरात आहे. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागील हाडाच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर टेपने मोजतात आणि त्याच्या १० व २० टक्क्यांवर खुणा करतात. समजा हे अंतर ३६ सेंटिमीटर आहे. मग मागच्या उंचवट्यापासून १० टक्के, म्हणजे ३.६ सेंटिमीटर वर, मध्यरेषेवर केलेली खूण अल्फा लय पाहण्यास योग्य ठरते. अंतर टक्क्यांत मोजल्यामुळे लहान-मोठ्या डोक्यांवर मेंदूचा साधारण तोच भाग सापडतो. शेकडेवारीचा इतका चांगला उपयोग गणिताच्या तासालाही सांगण्यासारखा आहे.

प्रवर्धन आणि नमुने

संवेदकाला आर्डुइनोकडून वीज मिळते आणि त्याची बाहेर पडणारी तार आर्डुइनोच्या ॲनालॉग टोकाला जोडायची असते. आर्डुइनो उनो ० ते ५ व्होल्टचे १,०२४ भाग करतो. म्हणजे एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची. आपला संकेत ५० मायक्रोव्होल्टचा, म्हणजे एका पायरीचा शंभरावा भाग. तो थेट जोडला तर काहीच दिसणार नाही. संवेदकाने तो दहा हजारपट वाढवला तर ०.५ व्होल्ट होतो आणि सुमारे शंभर पायऱ्या व्यापतो. पण इलेक्ट्रोडमधल्या घटाच्या विभवात ५ मिलिव्होल्टचा फरक उरला असेल, तर तोही दहा हजारपट होऊन ५० व्होल्ट व्हायला हवा! म्हणून पहिल्या टप्प्यात थोडेच प्रवर्धन करतात, मग कपॅसिटरच्या साहाय्याने स्थिर व अतिमंद भाग अडवतात आणि त्यानंतर पुढचे प्रवर्धन करतात.

आता आमच्या फजितीकडे वळू. संगणक रेषा अखंड पाहत नाही. ठरावीक वेळाने तिचे नमुने घेतो. आलेख पडद्यावर भराभर उमटावा म्हणून आम्ही घाईत सेकंदाला फक्त ६० नमुने ठेवले होते. घोटाळा तिथेच झाला.

घड्याळाचा मिनिटकाटा ६० मिनिटांत एक फेरी करतो. समजा आपण दर ५० मिनिटांनीच घड्याळाकडे पाहिले. पहिल्यांदा काटा १२ वर, मग १० वर, मग ८ वर, मग ६ वर. सहा वेळा पाहिल्यावर तो पुन्हा १२ वर. प्रत्यक्षात काट्याने पाच फेऱ्या सुलट केल्या. आपल्याला मात्र एकच फेरी, तीही उलट, केल्यासारखे दिसले. आमच्या प्रयोगात नेमके हेच प्रमाण होते. दर सहा नमुन्यांत विजेची पाच आवर्तने होत होती आणि दिसत होते एकच. सेकंदाला ६० नमुने, म्हणजे दिसणारी आवर्तने १०. पन्नास हर्ट्झची वीज अल्फा लयीचा वेश घेऊन पडद्यावर उभी राहिली!

आणि हा वेश नंतर उतरवता येत नाही. नमुने घेऊन झाल्यावर संगणकात कोणतेही फिल्टर लावले तरी त्याच्या दृष्टीने ती आता १० हर्ट्झचीच लहर असते. म्हणून नमुन्यांची संख्या सर्वांत मोठ्या वारंवारितेच्या दुपटीहून जास्त हवी, आणि त्याहून द्रुत भाग नमुने घेण्याआधीच अडवायला हवा. सेकंदाला २५० नमुने घेतले तर ५० हर्ट्झ ही ५० हर्ट्झच म्हणून दिसते आणि मग ती फिल्टरने वेगळी काढता येते.

सुरक्षितता आधी

शाळेत हा प्रयोग करताना पुढील नियमांत सूट नाही. सगळी साधने फक्त बॅटरीवर चालवावीत. लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढलेला असावा. प्रिंटर, प्रोजेक्टर, ऑसिलोस्कोप असे विजेवर चालणारे काहीही त्याच वेळी जोडू नये. विजा कडाडत असताना प्रयोग करू नये. त्वचेवर जखम असेल तिथे इलेक्ट्रोड लावू नये. प्रत्येक वापरानंतर ते स्वच्छ धुवावेत. लुकलुकणारे दिवे वापरू नयेत; काही व्यक्तींना त्यामुळे अपस्माराचा झटका येऊ शकतो. विद्यार्थ्याची आणि पालकांची संमती घ्यावी. आणि या नोंदीवरून कोणाच्याही आरोग्याविषयी एक शब्दही बोलू नये. ते काम डॉक्टरांचे आणि त्यांच्या यंत्रांचे आहे.

रेषेची उलटतपासणी

पडद्यावर रेषा हलू लागली की आनंद होतो. त्या आनंदाला थोडे थांबवून पुढील परीक्षा घ्याव्यात.

पहिली, पापण्यांची. डोळ्याचा पुढचा भाग मागच्या भागाच्या तुलनेत धन असतो. त्यामुळे कपाळावर इलेक्ट्रोड लावून पापणी लववली की १०० मायक्रोव्होल्टहून मोठा उंचवटा येऊ शकतो. तो दिसला तर जोडणी चालू आहे एवढेच सिद्ध होते. तो मेंदूचा नव्हे.

दुसरी, दातांची. दात आवळले की रेषा दाट, काटेरी होते. तो जबड्याच्या व कानशिलाच्या स्नायूंचा संकेत असतो.

तिसरी, डोके नसण्याची. तिन्ही इलेक्ट्रोड मिठाच्या पाण्याने ओल्या केलेल्या स्पंजवर ठेवावेत. तिथेही तीच लहर दिसली तर ती कोणाच्या मेंदूची? कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठाचे एड्रियन अप्टन यांनी १९७४ मध्ये खायच्या जेलीवर इलेक्ट्रोड लावून आलेख घेतला होता. तोही सपाट आला नाही; आसपासच्या यंत्रांचे आणि माणसांचे संकेत त्यात उतरले होते. मेंदूमृत्यूचा निर्णय केवळ या रेषेवर सोडणे किती धोक्याचे आहे, हे त्यांना दाखवायचे होते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, डोळे मिटण्या-उघडण्याची. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनी बर्गर यांचे निष्कर्ष पडताळले आणि मगच जगाने ते मानले. एड्रियन यांची लय डोळे मिटताच उमटे. मॅथ्यूज यांची तितक्या सहज दिसत नसे. म्हणजे लय दिसली नाही तर त्या विद्यार्थ्यात काही कमी आहे, असे मुळीच नाही.

वर्गात ही परीक्षा अशी घ्यावी. दहा चिठ्ठ्या कराव्यात. पाचांवर ‘मिटा’, पाचांवर ‘उघडा’ लिहावे. एकाने एकेक चिठ्ठी उचलून बसलेल्या विद्यार्थ्याला खूण करावी आणि २० सेकंदांची नोंद घ्यावी. पापण्यांच्या हालचालीचा गोंधळ टाळण्यासाठी पहिली पाच सेकंदे सोडून द्यावीत. पडद्याकडे पाहणाऱ्याला चिठ्ठ्या दिसता कामा नयेत. ८ ते १३ हर्ट्झची लय किती आहे, एवढ्यावरूनच त्याने पाच ‘मिटा’ ओळखायचे. दहांतून पाच निवडण्याचे २५२ प्रकार आहेत. म्हणजे नुसत्या नशिबाने सगळी उत्तरे बरोबर येण्याची शक्यता २५२ मध्ये १. तो सगळी बरोबर सांगू शकला तर ‘ही रेषा मेंदूची’ असे म्हणायला आपल्याकडे चांगला आधार आला.

एवढा खटाटोप कशासाठी?

२०१९ मध्ये चीनच्या झेजियांग प्रांतातील एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळावर इलेक्ट्रोडचे पट्टे बांधल्याचे जगभर प्रसिद्ध झाले. मुलाचे लक्ष आहे की नाही, ते पट्ट्यावरच्या दिव्याच्या रंगावरून शिक्षकांना कळेल, असा दावा होता. त्यावर बरीच टीका झाली आणि स्थानिक शिक्षण अधिकाऱ्यांनी तो वापर थांबवायला लावला. असे पट्टे आज अनेक ठिकाणी विकले जातात. उद्या ते आपल्याही शाळेच्या दारात येतील.

तेव्हा आपण विचारायचे प्रश्न आता आपल्या हाती आहेत. कपाळावर जिथे पापण्यांचा आणि स्नायूंचा संकेत सर्वांत मोठा, तिथूनच हा ‘लक्षाचा’ आकडा काढला आहे ना? मूल कपाळाला आठ्या घालून बसले तर आकडा वाढतो का? स्पंजला पट्टा बांधला तर किती येतो? आकडा पाहणाऱ्याला मुलाचे नाव माहीत नसताना परीक्षा घेतली आहे का? निवांत डोळे मिटलेल्या माणसात एक लय उमटते, एवढे ओळखायलाही आपल्याला इतकी काळजी घ्यावी लागली. खिडकीबाहेर पाहणारे मूल कशाचा विचार करते आहे, हे त्या पट्ट्याला कसे कळणार? ‘लक्ष नाही’ असा शिक्का मात्र त्या मुलाला वर्षभर वागवावा लागेल.

त्या कार्यशाळेत आम्ही दुपारी सगळी जोडणी नव्याने केली. कानामागचा इलेक्ट्रोड नीट बसवला, नमुने २५० केले, एक्स्टेन्शन कॉर्ड लांब ठेवली. या वेळी रेषा सकाळइतकी देखणी नव्हती. खडबडीत, कमी-जास्त होणारी होती. पण डोळे मिटले की काही क्षणांत लय उमटे आणि उघडले की विरून जाई. चिठ्ठ्या उचलण्याचे काम आम्ही अर्थातच त्या बाईंकडे दिले होते.